ज्वारीचा दाणा आणि मेथीचे पान

माघ महिना होता. शेतात ज्वारीची कणसे टपोऱ्या दाण्यांनी भरली होती आणि विहिरीजवळच्या वाफ्यांत कोवळी मेथी वाऱ्यावर डोलत होती. सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या घरी रात्रीची जेवणे चालली होती. ताटात ज्वारीची ऊन ऊन भाकरी, मेथीची भाजी, थोडे वरण आणि कांद्याची फोड असा बेत होता. धाकट्या मुलाने बघता बघता दोन भाकऱ्या संपविल्या. पण भाजी मात्र ताटाच्या कडेला सारून ठेवली.

"भाजी का रे टाकलीस?" आजीने विचारले.

"आजी, खरी ताकद भाकरीत असते. बाबा दिवसभर शेतात राबतात ते भाकरीच्या जोरावर. पाला खाऊन कोठे अंगात बळ येते काय? पाला खावा गुरांनी!"

सातवीत शिकणारी थोरली बहीण लगेच म्हणाली, "आजी, याला काही ठाऊक नाही. आमच्या बाईंनी सांगितले आहे की, पालेभाजी सर्वांत पौष्टिक. भाकरीने नुसते पोट भरते."

दोघांचा वाद वाढू लागला. तेव्हा आजी हसून म्हणाली, "तुम्ही दोघेही न मोजताच निवाडा करायला निघालात. उद्या सकाळी तागडी काढा. एका पारड्यात ज्वारी घाला, दुसऱ्यात मेथी घाला. मोजल्यावाचून न्याय होत नसतो."

या भावंडांचा वाद आपल्यापैकी अनेकांच्या घरी होत असेल. धान्य श्रेष्ठ की भाजी श्रेष्ठ? प्रश्न दिसतो सोपा. पण त्याचे उत्तर शोधू लागलो म्हणजे दाणा कशाकरिता असतो, पान काय काम करते आणि आपल्या शरीराला कोणकोणत्या वस्तूंची गरज असते, या साऱ्या गोष्टींचा विचार करावा लागतो. चला, आपणही त्या भावंडांबरोबर तागडीजवळ बसू.

सकाळी त्यांनी एका पारड्यात शंभर ग्रॅमचे वजन ठेवले आणि दुसऱ्यात ज्वारी ओतली. दोन मुठी ज्वारी पडताच पारडी समतोल झाली. मग ज्वारी काढून त्यांनी निवडलेल्या मेथीची पाने घालावयास सुरुवात केली. एक मूठ झाली, दोन झाल्या, तीन झाल्या; पारडे हलेना. शेवटी पाने पारड्याबाहेर ओसंडू लागली, तेव्हा कोठे काटा मध्यावर आला. वजन एकच, पण ज्वारीचा ढीग लहान आणि मेथीचा ढीग केवढा मोठा! दोघांनी तो मेथीचा ढीग एका स्वच्छ फडक्यावर पसरून वाळत घातला. चार दिवसांनी पाने कुरकुरीत झाली. ती पुन्हा तोलली तेव्हा शंभर ग्रॅमचे जेमतेम चौदा-पंधरा ग्रॅम उरले होते. शेजारी वाळत घातलेल्या ज्वारीचे वजन मात्र जवळजवळ होते तेवढेच राहिले.

उरलेली मेथी गेली कोठे? ती कोणी चोरली नव्हती. ते सारे पाणी होते, ते हवेत उडून गेले. ताज्या मेथीच्या शंभर भागांत सुमारे सत्त्याऐंशी भाग पाणी असते. ज्वारीत पाण्याचे प्रमाण शंभरात नऊ-दहा भाग एवढेच असते. म्हणूनच ज्वारी कणगीत वर्षभर टिकते आणि मेथीची जुडी मात्र एका दिवसात मान टाकते. धान्याची आणि भाजीची तुलना करताना ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपण शंभर ग्रॅम मेथी म्हणतो तेव्हा तिच्यातील खरे अन्न तेरा ग्रॅमच असते.

डोळ्यांना पाणी दिसले. पण दाण्याच्या आणि पानाच्या पोटात आणखी काय दडले आहे हे तागडी सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागते. आपल्या देशात हे काम फार वर्षांपूर्वी सुरू झाले. निलगिरीच्या डोंगरातील कुन्नूर या गावी रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली बेरीबेरी नावाच्या रोगाचा शोध घेण्यासाठी एक लहानसे केंद्र काढले. त्यातूनच पुढे आहारसंशोधनाची मोठी प्रयोगशाळा निर्माण झाली. भारतीय अन्नपदार्थांत कोणते घटक किती असतात याची माहिती देणारी तिची पुस्तिका १९३७ साली प्रसिद्ध झाली. १९५८ साली ही प्रयोगशाळा हैदराबादला हलविण्यात आली आणि १९६९ साली तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. या संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांतून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थांची नव्याने तपासणी केली आणि २०१७ साली त्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्या कोष्टकांच्या आधारे ज्वारी आणि ताजी मेथी यांचा जमाखर्च असा मांडता येईल. हे आकडे शंभर ग्रॅमचे असून सुमाराचे आहेत.

| घटक | ज्वारी | मेथीची पाने |
|---|---|---|
| पाणी | ९ ग्रॅम | ८७ ग्रॅम |
| पिष्टमय पदार्थ | ६८ ग्रॅम | २ ग्रॅम |
| प्रथिने | १० ग्रॅम | ३.७ ग्रॅम |
| स्निग्ध पदार्थ | १.७ ग्रॅम | ०.८ ग्रॅम |
| तंतुमय पदार्थ | १० ग्रॅम | ५ ग्रॅम |
| उष्मांक | ३३५ | ३४ |
| कॅल्शियम | २८ मिलिग्रॅम | २७४ मिलिग्रॅम |
| लोह | ४ मिलिग्रॅम | ५.७ मिलिग्रॅम |
| क जीवनसत्त्व | नाही | ५८ मिलिग्रॅम |

हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. जमीन, पाणी, वाण आणि ऋतू यांनुसार ते थोडेफार बदलतात. पानांना चिकटलेली माती नीट धुतली गेली नाही, तर मातीतील लोहही मोजणीत शिरते आणि आकडा फुगतो. तरीही या कोष्टकावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दाणा आणि पान यांची संपत्ती निरनिराळ्या प्रकारची आहे.

ही संपत्ती अशी निरनिराळी का असावी? याचे उत्तर आपल्या शरीरात नाही, वनस्पतीच्या जीवनात आहे. ज्वारीने दाणा धरला तो आपण भाकरी करावी म्हणून नव्हे. दाणा म्हणजे ज्वारीचे बीज. त्याच्या टोकाशी एक चिमुकला कोंब निजलेला असतो. पुढे तो मातीत पडेल, उगवेल. पण मूळ रुजून पान फुटेपर्यंत त्याने खावे काय? म्हणून आईने दूरच्या प्रवासाला निघालेल्या मुलाबरोबर शिदोरी बांधून द्यावी, त्याप्रमाणे ज्वारीचे ताट आपल्या बीजाबरोबर पिष्टमय पदार्थांची शिदोरी बांधून देते. शिदोरी टिकाऊ हवी, म्हणून तिच्यात पाणी कमी. ती थोड्या जागेत मावली पाहिजे, म्हणून दाणा घट्ट. ही कोंबाची शिदोरी आपण दळतो, थापतो आणि खातो. तिच्यातून आपल्याला भरपूर शक्ती मिळते यात नवल ते काय?

पानाचे काम अगदी वेगळे आहे. पान म्हणजे वनस्पतीचा कारखाना. सूर्यप्रकाश, हवा आणि पाणी यांच्या साहाय्याने येथे रात्रंदिवस नव्हे, पण दिवसभर अन्न तयार होत असते. तयार झालेला माल पानात साठून राहत नाही. तो खोडाकडे, मुळाकडे आणि दाण्याकडे रवाना होतो. म्हणून पानात पिष्टमय पदार्थ थोडे. परंतु कारखाना चालवावयाचा तर यंत्रे आणि हत्यारे लागतात. हिरवा रंग, प्रथिने, निरनिराळे क्षार आणि जीवनसत्त्वे ही त्या कारखान्याची हत्यारे होत. हिरव्या रंगाखाली कॅरोटीन नावाचा एक पिवळा रंगही दडलेला असतो. प्रखर उन्हापासून पानाचे रक्षण करण्याचे काम तो करतो. आपण पान खातो तेव्हा कारखान्यातला माल आपल्या हाती फारसा लागत नाही. पण ती मोलाची हत्यारे मात्र मिळतात. दाण्यात शिदोरी आणि पानात हत्यारे, एवढे लक्षात ठेवले की वरचे कोष्टक पाठ करण्याची गरज उरत नाही.

मेथीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ती हरभरा, तूर, मूग यांच्याच कुळातली आहे. तिच्या तिघा तिघा पानांची टिकली पाहिली आणि तिची लांबट शेंग पाहिली म्हणजे हे नाते ओळखू येते. तिच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जीव हवेतील नायट्रोजन मुळांना मिळवून देतात आणि नायट्रोजन तर प्रथिनांचा आवश्यक भाग आहे. म्हणून पाणी वगळून केवळ कोरड्या भागाचा हिशेब केला, तर एक आश्चर्य दिसते. ज्वारीच्या कोरड्या भागात शंभरास अकरा भाग प्रथिने असतात, तर मेथीच्या कोरड्या भागात सुमारे अठ्ठावीस! ज्या पाल्याला धाकटा भाऊ नावे ठेवीत होता, त्याचा हा पराक्रम.

मग थोरल्या बहिणीचा विजय झाला म्हणावयाचा का? इतक्यात नाही. कारण आपण कोरडी मेथी खात नाही आणि शंभर ग्रॅमच्या वजनांनीही जेवत नाही. आपण ताटात वाढलेले अन्न जेवतो. तेव्हा आता ताटाचा हिशेब करू.

अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारणतः २,००० ते २,२०० उष्मांक लागतात. उष्मांक म्हणजे अन्नातून मिळणारी शक्ती मोजण्याचे माप. धावणे, खेळणे, अभ्यास करणे, एवढेच नव्हे तर झोपेत श्वास घेणे, या साऱ्यांसाठी ही शक्ती खर्च होते. समजा, एखाद्याने ही सारी शक्ती ज्वारीतूनच मिळविण्याचे ठरविले, तर त्याला सुमारे सहाशे ग्रॅम ज्वारी पुरेल. परंतु ती केवळ मेथीतून मिळवावयाची म्हटली, तर रोज सुमारे सहा किलो मेथी खावी लागेल! दिवसभर टोपली पुढे घेऊन चघळत बसले तरी हे काम संपणार नाही. गाई-म्हशींना ते साधते. त्यांच्या पोटाचा एक मोठा कप्पा सूक्ष्म जीवांनी भरलेला असतो. आपल्याला न पचणारे पाल्यातील तंतू ते जीव पचवितात आणि त्यातून गाईला शक्ती मिळते. आपल्या पोटात तशी सोय नाही. "पाला खावा गुरांनी" हे धाकट्याचे बोलणे एवढ्यापुरते खरे होते.

आता नेहमीचे जेवण घेऊ. दोन-अडीच भाकऱ्यांना मिळून दीडशे ग्रॅम पीठ लागते असे समजू. भाजीच्या वाटीत शंभर ग्रॅम पाने गेली असे धरू. भाकऱ्यांतून सुमारे पाचशे उष्मांक मिळतात, भाजीच्या पानांतून चौतीस. प्रथिने भाकऱ्यांतून पंधरा ग्रॅम, भाजीतून पावणेचार. येथे भाकरी पुष्कळ पुढे आहे. लोह दोन्हींत जवळपास सारखे, सहा मिलिग्रॅमच्या आसपास. परंतु हाडे आणि दात बळकट करणारे कॅल्शियम पाहिले, तर चित्र पालटते. अडीच भाकऱ्यांत ते जेमतेम चाळीस-बेचाळीस मिलिग्रॅम, तर एका वाटीभर भाजीत पावणेतीनशेच्या घरात. वाढत्या वयाच्या मुलांना रोज ८५० ते १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असते. त्यातला चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक या एका वाटीत असतो. पालकातही कॅल्शियम असते. पण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल त्याला धरून ठेवते आणि शरीराला ते नीट घेऊ देत नाही. मेथीत हे आम्ल फारच थोडे असते. क जीवनसत्त्वाचा तर प्रश्नच नाही. वाळलेल्या ज्वारीत ते नसते. गाय, शेळी यांसारखे प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरात स्वतःच तयार करतात. माणसाला ते अन्नातूनच मिळवावे लागते.

येथवरचा हिशेब ऐकून दोघे भावंडे विचारात पडली. ज्यात एक पुढे त्यात दुसरा मागे, असे कसे? तेव्हा आजीने आपल्या लहानपणाची गोष्ट सांगितली.

"१९७२ साली मोठा दुष्काळ पडला," आजी म्हणाली, "मी तेव्हा तुझ्याएवढी होते. शेतात कणीस धरले नाही. विहिरी आटल्या. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. परदेशातून तांबडी मिलो ज्वारी आली होती. रांगेत उभे राहून ती आणायची. कामावर मुलांना सुकडी मिळे. त्यामुळे पोटाला आधार झाला, आम्ही जगलो. त्या धान्याचे उपकार मी विसरणार नाही. पण वाफ्यात घोटभर पाणी नव्हते, मग भाजी कोठली? कित्येक महिने आम्ही हिरवे पान पाहिले नाही. दूधही आटले होते. माझा धाकटा भाऊ दिवसा नीट खेळे. पण दिवेलागण झाली की भिंत चाचपीत चालू लागे. समोर ठेवलेला तांब्या त्याला दिसत नसे. आईला वाटे, पोर खोड्या करते. एकदा तो उंबऱ्याला अडखळून चुलीजवळ पडला, तेव्हा तिला खरे कळले."

"मग?" दोघांनी एकदम विचारले.

"मग वडिलांनी त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले, याला रातांधळेपणा झाला आहे. पोट भरले असेल. पण डोळ्यांना लागणारे अन्न पोटात गेलेले नाही. त्यांनी औषध दिले. पुढच्या वर्षी पाऊस झाला. बांधावर तांदुळजा, तरोटा, घोळ उगवली. आई रोज पदर भरून पाला खुडून आणी आणि भाजी करी. हळूहळू भाऊ संध्याकाळी अंगणात धावू लागला. तेव्हापासून आमच्या घरात पालेभाजी ताटात टाकायची नाही, असा नियम झाला."

आजीच्या भावाला जे झाले त्याचे कारण आज आपल्याला नीट ठाऊक आहे. डोळ्यांच्या पडद्याला अंधुक प्रकाशात पाहण्यासाठी अ जीवनसत्त्व लागते. हिरव्या पानांतील कॅरोटीनपासून आपले शरीर ते तयार करते. ज्वारीत कॅरोटीन अगदी थोडे असते. अ जीवनसत्त्वाचा तुटवडा फार दिवस टिकला, तर बुबुळाला इजा होऊन दृष्टी कायमची जाण्याचाही धोका असतो. असे अंधत्व टाळण्यासाठी लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस देण्याची योजना भारत सरकारने १९७० साली सुरू केली. रातांधळेपणाची शंका आली, तर केवळ भाजीवर विसंबू नये. लगेच दवाखान्यात जावे.

केवळ ज्वारीवर राहणाऱ्यांना आणखी एक रोग गाठीत असे. दक्षिणेच्या पठारावरील गरीब शेतमजुरांत पेलाग्रा नावाचा विकार आढळे. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांवर आणि मानेवर काळपट चट्टे उठत, जुलाब होत, मन थाऱ्यावर राहत नसे. हैदराबादच्या प्रयोगशाळेतील डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी या रोग्यांचा अभ्यास केला. ज्वारीच्या प्रथिनांतील ल्युसीन नावाचा घटक फार झाल्याने शरीरातील नायसीन या जीवनसत्त्वाचे गणित बिघडत असावे, असे अनुमान त्यांनी १९६० साली मांडले. पुढे इतर शास्त्रज्ञांनी त्यावर पुष्कळ चर्चा केली. परंतु एक गोष्ट निर्विवाद राहिली. ज्यांच्या ताटात ज्वारीबरोबर डाळ, दूध, भाजी, अंडी यांपैकी काही असे, त्यांना या रोगाचे भय नव्हते. दोष ज्वारीचा नव्हता, ज्वारीच्या एकटेपणाचा होता.

याउलट, भाकरी सोडून नुसत्या भाजीवर कोणी राहू म्हणेल तर तो अशक्त होईल. शक्ती पुरी पडली नाही म्हणजे शरीर आपली प्रथिनेच जाळू लागते. मग वाढ खुंटते, वजन घटते. घर बांधावयास आणलेली लाकडे चुलीत घालावी, तसाच हा प्रकार. भाकरीचे सरपण पुरेसे असेल, तरच भाजी-डाळीतील लाकडे घर बांधण्याच्या कामी येतात.

आता आपल्या जुन्या स्वयंपाकघराकडे पाहा. तेथे पिढ्यान्‌पिढ्या ज्या रीती चालत आल्या आहेत, त्यांतील कित्येकांचा अर्थ आज शास्त्राच्या प्रकाशात उलगडतो. मेथीच्या भाजीला तेलाची आणि लसणीची फोडणी देतात. कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून थोडे तेल किंवा शेंगदाण्याचे कूट भाजीत असले, तर कॅरोटीन अंगी लागते. मेथीत मुगाची डाळ घालतात किंवा भाकरीबरोबर पिठले करतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नावाचा एक घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो. दोघी एकत्र आल्या की एकीची उणीव दुसरी भरून काढते. ताटात लिंबाची फोड वाढतात. ज्वारीतील फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवते. परंतु त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले, तर लोह अधिक प्रमाणात रक्तात उतरते. ज्वारीचे पीठ आंबवून आंबील करतात, तेव्हाही या आम्लाचा जोर कमी होतो. जेवण होताच चहा पिण्याची सवय मात्र चांगली नव्हे; चहा लोहाच्या वाटेत आडवा येतो.

काही चुकाही आपल्या हातून होतात. भाजी आधी बारीक चिरून मग धुतली, तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. म्हणून भाजी आधी निवडावी, दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवावी आणि मग चिरावी. ती फार वेळ शिजवू नये. शिजविताना क जीवनसत्त्वाचा बराच भाग नाहीसा होतो. म्हणून लिंबू, पेरू, आवळा किंवा कच्ची कोशिंबीर यांनाही ताटात जागा असावी. भाजी शिजविलेले पाणी टाकून देऊ नये. मेथीचे कोवळे देठ फेकू नयेत. ज्वारीचे पीठ चाळून कोंडा काढून टाकण्याचीही गरज नाही. त्यातील तंतू पोट साफ ठेवतात.

महागाची वस्तूच पौष्टिक असते, हा एक मोठा गैरसमज आहे. बाजारातील रंगीत डब्यांत मिळणारे पदार्थ कधी कधी नुसते मैदा आणि साखर असतात. त्यांच्यापुढे वाफ्यातील मेथीची जुडी आणि आपल्या कोरडवाहू जमिनीतील ज्वारी कितीतरी श्रीमंत आहे. कमी पाण्यावर येणाऱ्या ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्यांचे मोल आता जगालाही पटू लागले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. सोलापूर-मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी तर हिवाळ्यातील दवावर आणि काळ्या मातीत मुरलेल्या ओलाव्यावरच पोसते. तिच्या कडब्यावर गुरे जगतात आणि त्या गुरांच्या शेणखताने मेथीचा वाफा पिकतो. शेतातही ही दोन्ही पिके एकमेकांना सोडून नाहीत.

तर मग निवाडा काय झाला? धान्य श्रेष्ठ की भाजी? तागडीच्या एका पारड्यात ज्वारी आणि दुसऱ्यात मेथी ठेवून त्या भावंडांनी कोणते जड, हे पाहावयाचे ठरविले होते. परंतु तागडीचे दोन्ही पारडे एकाच दांडीला टांगलेले असतात. एक पारडे काढून घेतले, तर तागडी मोजण्याच्याच कामाची राहत नाही. आपल्या जेवणाचेही तसेच आहे. बैलांच्या जोडीत कोणता बैल श्रेष्ठ, असे शेतकरी विचारीत नाही. दोघांनी मिळून गाडी ओढली की त्याचे काम होते.

त्या रात्री पुन्हा सारे जेवावयास बसले. पुन्हा भाकरी होती आणि आईने मुगाची डाळ घालून मेथीची भाजी केली होती. धाकट्याने भाकरीचा तुकडा मोडला, त्यात भाजी घेतली, वर लिंबू पिळले आणि घास तोंडात घातला. भाजी थोडी कडू लागली. पण त्याने तोंड वाकडे केले नाही. बहिणीनेही आज प्रथमच दुसरी भाकरी मागून घेतली. आजी काही बोलली नाही. बाहेर अंगणात अंधार पडला होता. जेवण आटोपताच धाकटा उठला आणि अंधुक उजेडात उंबरा ओलांडून गोठ्याकडे धावत गेला. त्याची पावले कोठेही अडखळली नाहीत. आजी त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.